पॉवर सप्लायचा आवाज: कोणता चालवून घ्यायचा, कोणता ऐकताच प्लग काढायचा

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आवाजांचं गणित उलटं आहे. जो आवाज डोकं उठवतो तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. ज्याला खरंच घाबरायला हवं, तो इतका बारीक असतो की पंख्याच्या घरघरीत सहज दबून जातो. गेम सुरू केला की कुईऽऽ करणारी कॉइल (तांब्याच्या तारेचं वेटोळं) वर्षानुवर्षं तशीच कुईकुई करत राहते आणि तिच्यामुळे काहीही बिघडत नाही. उलट मागच्या जाळीतून मधूनच येणारी हलकी चर्रर्र आणि तिच्या जोडीला किंचित जळका वास, एवढं पुरेसं आहे मशीन त्या क्षणी बंद करायला. त्यामुळे आवाज किती मोठा आहे ते सध्या बाजूला ठेवा. तो कशातून येतोय, कधी येतोय आणि त्याच्याबरोबर आणखी काय होतंय, एवढंच शोधायचं आहे.

आधी हे: कुठे तपासणी करत बसायचं नाही

जळका वास, धूर, ठिणगी, एकदाच झालेला 'फट्' आवाज, किंवा थांबून थांबून येणारी तडतड. यातलं काहीही असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. फाइल सेव्ह करणं, रीतसर शटडाऊन करणं, कशाचीही वाट बघू नका. भिंतीवरचं बटण बंद करा आणि मग प्लग काढा. पॉवर सप्लायच्या पाठीवरचं छोटं बटण जवळ असतं म्हणून हात तिकडे जातो, पण तडतड नेमकी तिथल्याच सॉकेटात होत असेल तर हात चुकीच्या जागी गेला. भिंतीवर बटण नसेल तर एमसीबी पाडा.

नंतर 'एकदा चालू करून बघू' हेही नको. 'फट्' झाल्यावर आतला फ्यूज बहुधा उडालेला असतो, म्हणजे सप्लाय तसाही कामातून गेलेला असतो. उडालेला नसेल तर पुन्हा वीज देऊन तुम्ही शॉर्ट झालेल्या भागाला आणखी एक संधी देता, आणि त्याच्या पुढच्या टोकाला मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि तुमचा डेटा आहे.

जुन्या सप्लायवर मागे ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल सरकबटण असायचं. ते ११५ वर असताना २३० व्होल्ट दिले की ज्या कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या भागाची) क्षमता साधारण २०० व्होल्टची, त्याच्यावर ३२५ व्होल्ट येतात आणि तो फुटतो. जुनं मशीन माळ्यावरून काढून चालू करणार असाल तर प्लग लावण्याआधी हे बटण बघा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो विषय वेगळा आहे. तिथे सप्लाय बहुधा ठीक असतो, सॉकेटला अर्थिंग नसतं. ते काम इलेक्ट्रिशियनचं, आणि ते आधी करून घ्यायचं.

डब्याच्या आत आवाज करण्यासारखं असतं तरी काय

हलणारी मोठी वस्तू एकच, पंखा. त्याशिवाय बऱ्याच मॉडेलांत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, असतो, तो चालू आणि बंद होताना एकेकदा 'टक्' करतो. बाकी सगळं जागच्या जागी सोल्डर केलेलं असतं. पण 'जागच्या जागी' असलं तरी ते निश्चल नसतं.

भिंतीतून आलेली २३० व्होल्टची एसी वीज आधी डीसी होते. तिचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास असतं. आधुनिक सप्लायमधलं अ‍ॅक्टिव्ह पीएफसी सर्किट (भिंतीतून वीज एकसारखी ओढून घेणारा भाग) ते आणखी उचलून ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत नेतं. मग ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात, ती छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि शेवटी १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बाहेर पडतात. ही तोडजोड बहुतेक सप्लायमध्ये सेकंदाला ५० हजार ते काही लाख वेळा होते. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे खरं तर यातलं काही ऐकू यायला नको. तरी येतं, आणि ते का येतं हे पुढे कॉइलच्या भागात.

त्या ४०० व्होल्टचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेला राहू शकतो. त्याची वीज सावकाश जिरवणारा रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला असला तर बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून या लेखात कुठेही पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही. कॅबिनेटचं झाकण उघडा, डब्याचे स्क्रू नकोत.

पायरी १: आवाज खरंच तिथूनच येतोय का

दोष पॉवर सप्लायवर ढकलला जातो, कारण तो दिसायला मोठा आणि काळा डबा असतो. प्रत्यक्षात कुईकुईचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो, टकटकीचा हार्ड डिस्कचा आणि खरखरीचा कॅबिनेटच्या पंख्यांचा. वॉटर कूलिंग असेल तर पंपही गुरगुरतो. टेबलाखालचा यूपीएस आणि मॉनिटरचा अ‍ॅडॅप्टर हेही संशयितांत धरा. मी तरी आधी हे दोन भिंतीपासून सुटे करून बघतो, कारण त्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा. जाड कागदाची गुंडाळी करून हातभर लांब नळी बनवा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका भागाजवळ न्या, न टेकवता. हा उपाय पोरकट वाटतो पण काम चोख करतो. पत्र्याचं कॅबिनेट ढोलासारखं घुमतं, त्यामुळे उघड्या कानाला सगळा आवाज 'खालून कुठून तरी' आल्यासारखा वाटतो. नळीतून मात्र चार बोटांच्या अंतरानेही फरक पडतो. नळी कागदाचीच हवी, धातूची नको. डोक्याचे केस, गळ्यातली साखळी, मोकळ्या बाह्या पंख्यांपासून लांब ठेवा.

कॅबिनेटच्या पंख्यांवर संशय असेल तर मशीन बंद करून एकेकाचा कनेक्टर काढा आणि थोडा वेळ चालवून ऐका. प्रोसेसरच्या पंख्याला आणि पंपाला यातून वगळा. पॉवर सप्लायचा पंखा जाळीतून काडी घालून थांबवून बघण्याचा सल्ला ऐकायला मिळतो. वीज चालू असताना तो अजिबात मानू नका.

मोबाईलवर आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते, दाखवणारं एखादं अ‍ॅप असेल तर इथे ते फार उपयोगी पडतं. ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण १०० हर्ट्झवर उभी रेघ काढते, जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १२० वर, आणि काहीही केलं तरी ती रेघ हलत नाही. पंख्याची रेघ त्याच्या वेगाबरोबर सरकते. मिनिटाला १,२०० फेरे घेणारा सात पात्यांचा पंखा धरला तर सेकंदाला २० फेरे, गुणिले सात, म्हणजे १४० हर्ट्झ. कॉइलचा आवाज बराच वर, काही हजार हर्ट्झवर दिसतो आणि स्क्रीनवर काय चाललंय त्यानुसार उड्या मारतो.

पायरी २: कधी येतो ते टिपून ठेवा

आवाजाचं वर्णन करण्यापेक्षा त्याची वेळ जास्त बोलते. मशीन बंद पण प्लग लावलेला, बटण दाबल्याचा क्षण, नुसता डेस्कटॉप उघडलेला, प्रोसेसरवर ताण, ग्राफिक्स कार्डावर ताण, आणि बंद केल्यानंतरचा अर्धा मिनिट: या प्रत्येक वेळी काय ऐकू येतं ते कागदावर लिहा. फोनवर रेकॉर्डही करा. वॉरंटीत द्यायची वेळ आली तर 'कधी कधी आवाज येतो' यापेक्षा ते रेकॉर्डिंग कामाला येतं, कारण सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर नेमका तो आवाज येत नाही.

ताण देण्यासाठी ओसीसीटीसारखा प्रोग्राम चालतो. त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड वेगवेगळं तापवता येतं. मात्र तडतड, वास, किंवा आपोआप रीस्टार्ट होणं यातलं काही असेल तर ताण-चाचणी करू नका. आधीच संशयास्पद असलेल्या सप्लायला पूर्ण ताकदीने चालवून काही सिद्ध होत नाही, एखादा भाग मात्र जातो.

पायरी ३: आता आवाज ओळखा

खरखर, घरघर, टर्रर्र: पंखा

पॉवर सप्लायच्या तक्रारींत सर्वांत सामान्य हीच. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं: धातूच्या नळीत फिरणारा दांडा आणि दोघांमध्ये तेलाचा पातळ थर. उष्णतेने तेल आटतं, दांडा नळीला घासायला लागतो. त्याची ठरलेली खूण अशी, की थंड मशीन चालू केलं की सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं घरघर होते आणि मग तेल गरम होऊन पसरलं की आवाज जातो. बरेच जण 'आपोआप बरं झालं' म्हणून सोडून देतात. पुढे ती मिनिटं वाढत जातात आणि एके दिवशी पंखा फिरायलाच नकार देतो. पंखा थांबला की सप्लायचं तापमान चढतं. चांगल्या मॉडेलांत जास्त तापल्यावर बंद पडण्याची सोय असते, हलक्यांत ती असेलच असं नाही.

बॉल बेअरिंगचा पंखा मुळातच थोडा घूंघूं करतो पण टिकतो जास्त. फ्लुइड डायनॅमिक प्रकारचं बेअरिंग शांतही असतं आणि टिकाऊही. कॅबिनेट उभ्याचं आडवं केल्यावर खरखर सुरू झाली किंवा थांबली, तर बेअरिंगवर संशय पक्का धरा, कारण दांड्यावरचा भार बदलला. ही चाचणी मशीन बंद करून, जागा बदलून, पुन्हा चालू करून करायची. फिरती हार्ड डिस्क असेल तर चालू मशीन हलवायचं नाही.

टर्रर्र असा आवाज, विशेषतः कॅबिनेट उघडून काही काम केल्यानंतर सुरू झालेला, म्हणजे एखादी वायर किंवा केबल टायचं टोक पात्यांना लागतंय. वायर कॅबिनेटमधल्या बाजूने जाळीत शिरली असेल तर प्लग काढून ती ओढून बांधून टाका, काम संपलं.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. मिनिटाला १,२०० फेरे म्हणजे सेकंदाला २० फेरे. प्रत्येक फेऱ्यात एकदा जरी काही आपटलं तरी सेकंदाला २० ठोके होतात, आणि ते कानाला सुटे ऐकूच येत नाहीत, सलग खर्रर्र वाटते. सातही पाती आपटत असतील तर सेकंदाला १४०. म्हणून तुम्हाला टक… टक… टक असे सुटे, मोजता येण्यासारखे ठोके ऐकू येत असतील आणि पंखा वेगात असेल, तर तो पंखा नाही. त्यासाठी खालचा टकटकीचा भाग बघा.

पंख्याची बाब असेल तर आधी धूळ. प्लग काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, थोडा वेळ जाऊ द्या आणि दाबाची हवा भरलेल्या फवारणीच्या डब्याने मागच्या जाळीतून थोडे थोडे झोत मारा. हवेचा डबा उभा धरा, तिरपा केला तर गारेगार द्रव बाहेर पडतो. पाती हवेने भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंगला तो वेग सोसवत नाही. जाळीशीच पातळ लाकडी काडीने पातं अडवून ठेवा, काडी आत ढकलू नका. सप्लाय कॅबिनेटच्या तळाशी असेल तर त्याखालची गाळणी काढून धुवा. कॅबिनेट जाड गालिच्यावर ठेवलं असेल तर हवा ओढायची जागाच बंद झालेली असते आणि पंखा उगाच जोरात पळत असतो.

डबा उघडून पंखा बदलणाऱ्यांचे व्हिडिओ मुबलक आहेत. मला तो सौदा पटत नाही. वॉरंटी जाते, पंख्याची वायर बऱ्याचदा सरळ बोर्डवर सोल्डर केलेली असते, नवा पंखा त्या सर्किटच्या कमी व्होल्टेजवर सुरू होईलच याची खात्री नसते, आणि शेजारी तो ४०० व्होल्टचा कपॅसिटर बसलेला असतो. वॉरंटी असेल तर तिचा उपयोग करा. ती संपून बरीच वर्षं झाली असतील तर पंख्याइतकेच आतले कपॅसिटरही म्हातारे झालेत.

आणि एक, पंखा मुळीच फिरत नाही म्हणूनही लोक घाबरतात. अनेक नव्या सप्लायमध्ये कमी भारावर पंखा मुद्दाम थांबलेला असतो. काहींच्या पाठीवर त्यासाठी हायब्रिड किंवा इको असं बटण असतं. पंखा दर थोड्या वेळाने सुरू-बंद, सुरू-बंद होऊन त्रास देत असेल तर ते बटण दाबून तो कायम हळू फिरता ठेवा. सतत येणारा मंद आवाज कान विसरतो, चालू-बंद होणारा विसरत नाही.

कुईऽऽ, चिरचिर, सुंसुं: कॉइल

मगाशी राहिलेला प्रश्न. तांब्याच्या वेढ्यांतून बदलती वीज वाहिली की चुंबकीय बलाने वेढे आणि त्यांचा गाभा सूक्ष्म प्रमाणात थरथरतात. मूळ तोडजोड कानाच्या पलीकडची असली तरी भार मात्र कानाला ऐकू येईल अशा वेगाने कमी-जास्त होत असतो. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, वीज खेचतं आणि सोडतं. गेमच्या मेनूत, जिथे चित्र साधं असतं, सेकंदाला हजारो फ्रेम निघू शकतात, आणि तितक्याच हर्ट्झचा सूर ऐकू येतो. दुसरी तऱ्हा अगदी कमी भारावरची. विजेची गरज फार थोडी असली की सप्लाय सलग चालायचं सोडून झटक्याझटक्याने चालतो, आणि ते झटके ऐकू येण्याच्या टप्प्यात येतात. मशीन बंद असतानाची बारीक चिरचिर बहुधा हीच, कारण प्लग लावलेला असेपर्यंत ५ व्होल्टची स्टँडबाय वीज चालूच असते. छोटे सिरॅमिक कपॅसिटरही व्होल्टेजच्या चढउताराने आकुंचन-प्रसरण पावून असाच आवाज काढतात.

ओळखायची सोपी पद्धत: गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर आणा. सूर खाली आला किंवा गेला, तर ती कॉइलच. काही मशीनवर लांबलचक पान माउसने सरकवतानाही चिर्र-चिर्र ऐकू येते, तीही तीच.

कॉइल सप्लायमधली की ग्राफिक्स कार्डामधली, हे मात्र वेळेवरून कळत नाही, कारण दोघीही एकाच वेळी ओरडतात. इथे कागदी नळीच कामाची. अंदाजावर सप्लाय बदलून आणला आणि कुईऽऽ तशीच, कारण ती कार्डातून येत होती, हा प्रकार फार होतो. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून फक्त प्रोसेसरला ताण द्या. तरीही सूर येत असेल तर सप्लाय किंवा मदरबोर्ड. सूर गेला तर बोट कार्डाकडे जातं, पण तेवढ्याने सप्लाय सुटत नाही, कारण कार्ड नसताना त्याच्यावर तेवढा भारच पडत नाही.

ही कुईकुई बिघाडाची खूण नाही आणि तिने भागांचं आयुष्य कमी होत नाही. फ्रेमची मर्यादा, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग), ग्राफिक्स कार्डाची वीज थोडी कमी करणं, यापैकी एकाने ती सुसह्य होते. कॉइलवर गोंद किंवा लाख ओतायचा उपाय सांगितला जातो, त्यासाठी डबा उघडावा लागतो, म्हणून तो बाद. अपवाद एकच: वर्षानुवर्षं गप्प असलेला जुना सप्लाय अचानक कुईकुई करू लागला आणि त्याच सुमारास मशीन थंडीत एका दमात सुरू होईनासं झालं, तर दमलेल्या कपॅसिटरचा संशय घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. धुळीने भरलेल्या डब्यात हे अंश सहज वाढतात.

गुणगुण, भणभण: विजेचा सूर

खालच्या पट्टीतली सलग घूंऽऽ, जी स्पेक्ट्रमवर १०० किंवा १२० हर्ट्झला उभी राहते, ती पीएफसी भागातल्या मोठ्या कॉइलची. हलकी असेल तर दुर्लक्ष. कॅबिनेटवर तळवा ठेवल्यावर आवाज बदलत असेल तर पत्रा थरथरतोय. सप्लायचे मागचे चारही स्क्रू आहेत का, घट्ट आहेत का बघा. एखादा गायब असणं नवलाचं नाही.

वीज गेली, यूपीएस बॅटरीवर आला आणि त्याच क्षणी भणभण सुरू झाली, तर दोष बहुधा जोडीत आहे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गोलसर लाट न देता पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी लाट देतो आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या सप्लायला ती मानवत नाही. कॉइल भणभणते, कधी मशीन धाडकन बंद पडतं. तिथे सप्लाय बदलून काही होणार नाही, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागेल.

टक्, टिकटिक: रिले, स्टँडबाय आणि संरक्षण

चालू करताना एक 'टक्' आणि बंद केल्यावर काही सेकंदांनी दुसरी, ही रिलेची सवय आहे. सोडून द्या.

बटण दाबलं, टक्, पंखा अर्धा फेरा फिरला, सगळं थांबलं. पुन्हा दाबलं, तेच. इथे सप्लाय बिघडलेला असेलच असं नाही, उलट तो आपलं काम करत असेल. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा भार जास्त आहे आणि संरक्षण सर्किट वीज तोडतंय. मशीन बंद असताना साधारण सेकंदाला एक अशी टिकटिक हा त्याचाच भाऊ: स्टँडबायची वीज सुरू व्हायचा प्रयत्न करते, कोसळते, पुन्हा प्रयत्न करते.

फोड अशी करायची. प्लग काढा. मदरबोर्डचा २४ पिनांचा कनेक्टर, प्रोसेसरचा कनेक्टर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, सगळ्यांच्या वायरी सोडवा. आता नुसत्या सप्लायला प्लग लावा, पाठीवरचं बटण चालू करा आणि ऐका. काहीही जोडलेलं नसताना टिकटिक चालू राहिली तर सप्लाय गेला. थांबली, तर प्लग काढून फक्त मदरबोर्ड जोडा, मग एकेक वस्तू, आणि प्रत्येक जोडणीआधी प्लग काढायचाच. यूएसबीच्या पोर्टात वाकलेली पिन किंवा मदरबोर्डखाली अडकलेला सुटा स्क्रू यातून सापडतो.

चर्रर्र, तडतड

वीज हवेतून उडी मारतेय. सैल प्लग, जळकं सॉकेट, तडकलेला सोल्डर, ओल किंवा आत शिरलेला किडा. काळा पडलेला किंवा वितळल्यासारखा दिसणारा प्लग, केबलचं गरम टोक, ही बाहेरून दिसणारी खूण. मशीन बंद आणि प्लग काढलेला असताना तीन टोकं बघा: भिंतीतलं सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड आणि सप्लायच्या पाठीवरचं सॉकेट. केबल काळी पडली असेल तर टाकून द्या आणि भिंतीतलं सॉकेटही बदलून घ्या. केबल आणि सॉकेट स्वच्छ असतील तर तडतड आतली आहे, आणि आतल्या तडतडीवर घरी करण्यासारखं काही नाही. सप्लाय बदला.

पायरी ४: विजेची तब्येत

आवाज पंख्याचा किंवा कॉइलचा निघाला आणि मशीन कधीच अडखळत नसेल, तर ही पायरी गाळली तरी चालेल. मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर मल्टिमीटर काढा. एटीएक्स या कॉम्प्युटर सप्लायच्या मानकाच्या नेहमीच्या नियमानुसार मुख्य तिन्ही व्होल्टेज ५ टक्के वर-खाली चालतात: १२ साठी ११.४ ते १२.६, ५ साठी ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ साठी साधारण ३.१४ ते ३.४७. चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळ्या वायरीत १२, लालमध्ये ५, दोन्ही काळ्या ग्राउंड. सगळ्या वायरी काळ्या असलेल्या नव्या सप्लायमध्ये रंग नसतो, तिथे पिनांचा नकाशा आधी बघा. मशीन चालू असताना आणि भार असताना मोजा, दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका. विंडोजमधल्या प्रोग्रामने दाखवलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, तो मदरबोर्डच्या सेन्सरचा असतो आणि बराच चुकू शकतो.

मल्टिमीटरची मर्यादा ही, की तो सरासरी दाखवतो. १२ व्होल्टवरची तरंगासारखी चढउतार १२० मिलिव्होल्टच्या आत हवी, ५ आणि ३.३ वर ५० च्या आत, आणि ती दिसायला ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर काढणारं यंत्र) लागतो. म्हणून मीटरवर १२.०५ आलं तरी सप्लाय निर्दोष ठरत नाही, ११.२ आलं तर मात्र त्याच्यावरचा संशय पक्का धरा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीवरूनही लोक लगेच सप्लायला फासावर चढवतात. ती नोंद मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं एवढंच सांगते, कारण सांगत नाही.

खात्रीची परीक्षा एकच, ओळखीच्या कोणाचा चांगला आणि पुरेशा वॉटचा सप्लाय तात्पुरता लावून बघणं. सोबत त्याच्याच केबल घ्या.

पायरी ५: बदलायचा ठरला तर

केबलचा मुद्दा लहान वाटतो, पण यात मशीनं जळतात. मॉड्युलर सप्लायमध्ये, म्हणजे ज्याच्या केबल दोन्ही टोकांनी सुट्या होतात त्यात, केबलचं मदरबोर्डकडचं टोक ठरलेल्या नमुन्याचं असतं, सप्लायकडच्या टोकाला मात्र कोणताच समान नमुना नाही. प्लग जुळतो, पिना जुळत नाहीत, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क क्षणात मरते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हे होऊ शकतं. जुन्या केबल नीट बांधलेल्या आहेत म्हणून तशाच ठेवायचा आळस करू नका, सगळ्या काढा आणि नव्याबरोबर आलेल्याच लावा.

खोक्यावरचं ८० प्लसचं चिन्ह वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आवाजाबद्दल ते चकार शब्द काढत नाही. आवाजासाठी सायबेनेटिक्स या चाचणी संस्थेची 'लॅम्डा' ही वेगळी श्रेणी आहे, तिच्यात पंख्याचा आवाज मोजलेला असतो. कॉइलची कुईकुई मात्र एकाच मॉडेलच्या दोन नगांतही वेगळी निघते आणि तुमच्या ग्राफिक्स कार्डाबरोबर कशी वागेल ते आधी कळत नाही. म्हणून नवा सप्लाय बसवला की पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या पायरीतली सगळी यादी पुन्हा चालवा: बंद, सुरुवात, रिकामा डेस्कटॉप, गेमचा मेनू, पूर्ण ताण. 'वापरून वापरून आवाज जाईल' असं दुकानदार आणि मित्र दोघेही सांगतात. जाईलही कदाचित, पण त्या भरवशावर परत करायची मुदत उलटू देऊ नका. बहुतेक कंपन्या नुसत्या कुईकुईला दोष मानत नाहीत, त्यामुळे मुदतीत परत केला तर बदलून मिळतो, नंतर वॉरंटीत मिळेलच असं नाही. बिल, खोकं आणि आतला फोम तोवर ठेवून द्या.